अनेक माध्यमांतील प्रयोगांना एका सूत्रात कसे बांधावे?

तिरपी रेघ

मी उपयोजित कलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आणि त्याबाहेरही मी लिनोकट (लिनोलियमवर कोरून घेतलेले छाप), सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे निळे छाप), स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई), बोरूने केलेले अक्षरांकन, जुन्या वर्तमानपत्रांचे कोलाज आणि संगणकावरील चित्रांकन असे बरेच काही करून पाहिले आहे. प्रत्येक वेळी जो विषय सुचला तो घेतला. त्यामुळे लिनोमध्ये आमच्या भागातले गुऱ्हाळ आहे, सायनोटाइपमध्ये शेवग्याची पाने आहेत, तर स्क्रीनवर एका काल्पनिक नाट्यमहोत्सवाचे पोस्टर आहे. अंतर्गत परीक्षणात शेरा मिळाला की हात चांगला आहे, पण हे सगळे नमुने वाटतात, काम दिसत नाही. शेरा पटला, त्यावर उपाय काय, हे मात्र कोणी सांगितले नाही. एखादेच माध्यम निवडून बाकीची बाजूला ठेवावीत, की या विविधतेतूनच काही सूत्र काढता येईल?

दुसरी शंका निव्वळ व्यावहारिक आहे. सायनोटाइपचे छाप उन्हाळ्यात गडद निळे येत होते. पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र ते फिकट येतात आणि धुताना बराचसा निळा रंग पाण्याबरोबर निघून जातो. रसायने तीच आहेत, कागदही तोच आहे.

खिळेजुळारी

माध्यम बदलताना विषयही बदलला, तर दिसणारा फरक नेमका कशामुळे पडला हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि करणाऱ्यालाही कळत नाही. तुमच्या परीक्षकांना बहुधा हेच म्हणायचे असावे. माझे मत असे की माध्यमे सगळी ठेवा, पण विषय एकच घ्या, आणि तोही चित्राऐवजी एखादा शब्द घ्या. गुऱ्हाळाचा उल्लेख आहे म्हणून सुचवतो: ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. त्यात शिरोरेघेच्या वर जाणारी मात्रा आहे, खाली उतरणारा दीर्घ ऊकार आहे आणि मध्ये ‘ल्ह’ हे जोडाक्षर आहे. देवनागरीत छपाईवाल्याला जे जे छळते, ते बहुतेक या एका शब्दात येऊन जाते.

बोरूने सुरुवात करा. रोमन अक्षरांसाठी लेखणीला जो तिरका काप देतात, त्याच्या उलट बाजूचा काप देवनागरीसाठी लागतो, म्हणून बाजारातली परदेशी कटनिब (तिरका काप दिलेली निब) जशीच्या तशी वापरली की अक्षरांची जाड-बारीक वळणे चुकीच्या जागी पडतात. बोरू स्वतः तासून घ्या. त्या एका कापातून ‘क’ची गोलाई, ‘ल्ह’ची सांधणी आणि ऊकाराचे शेवटचे निमुळते वळण कसे निघते, ते नीट पाहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक माध्यमात यातले काहीतरी मोडणार आहे.

लिनोत शब्द उलटा कोरावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याहून महत्त्वाचा निर्णय असा की अक्षर कोरून काढायचे, की अक्षर ठेवून भोवतालचा भाग काढायचा. अक्षर ठेवले तर ओकाराच्या मात्रेची बारीक रेघ एखाद्या घसरलेल्या गॉजने (कोरण्याच्या हत्याराने) सहज उडते, आणि ती वाचली तरी मात्रा व शिरोरेघ यांच्यामधल्या फटीत शाई भरून दोन्ही एक होतात. त्यामुळे ती फट बोरूतल्यापेक्षा रुंद ठेवावी लागते, मात्रा आखूड व जाड करावी लागते, आणि ‘प’चे पोट मोठे करावे लागते. म्हणजे बोरूचे अक्षर ट्रेसिंगने लिनोवर उतरवून भागत नाही. ते लिनोसाठी पुन्हा काढावे लागते. तुमच्या संग्रहात मला हे पुन्हा काढणे पाहायला आवडेल. (लिनो कडक लागत असेल तर कोरण्यापूर्वी थोडा वेळ उन्हात ठेवा, गॉज लोण्यासारखी फिरते.)

खिळ्यांच्या (धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या) छपाईचा उल्लेख तुमच्या यादीत नाही, याची थोडी खंत वाटली. किरकोळ कामे घेणाऱ्या जुन्या जॉबवर्कच्या प्रेसमध्ये क्रमांक टाकण्यासाठी किंवा परफोरेशनसाठी (फाडायच्या जागी छिद्रांची ओळ पाडण्यासाठी) ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, अजूनही ठेवलेले आढळते, आणि मालकाला विनंती केली तर कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या केसेसही (खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेट्या) पाहायला मिळतात. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या त्या मिश्रधातूच्या खिळ्यांत आपली लिपी तुकड्यातुकड्यांनी बसवलेली आहे. अर्धा ‘ल’ वेगळा, त्याच्याशेजारी ‘ह’ वेगळा, आणि खिळे झिजलेले असले की शिरोरेघेत प्रत्येक जोडावर केसाएवढी फट दिसते. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री काढली आणि पुढे त्यांच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे नावाजले गेले, ते या तुकड्यांचे जोड डोळ्यांना खुपू नयेत इतके नेटके असल्यामुळेच. त्याआधी मुंबईतच गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर. शिळाछापात अक्षर हाताने लिहिलेले असते, त्यामुळे ते तुटत नाही आणि लेखकाच्या हाताचे वळण कागदावर तसेच उतरते. एकच लिपी, शहरही एकच, आणि दोन तंत्रांनी तिला दोन वेगळे चेहरे दिले. तुमच्या प्रयोगांना याहून चांगली पार्श्वभूमी शोधून सापडणार नाही.

नीळकागद

सायनोटाइपपुरते लिहितो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांच्या मिश्रणावर काम करतो तो उन्हातील अतिनील भाग. ढगाळ हवेत डोळ्यांना उजेड भरपूर वाटला तरी हा भाग बराच कमी झालेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यातली वेळ आता उपयोगाची नाही. घड्याळ न पाहता कागदाकडे पाहा: झाकला न गेलेला भाग आधी हिरवट-निळा, मग गडद होत होत राखाडी-कांस्य छटेचा झाला की मगच कागद उचला. ऊन अपुरे मिळाले की न बदललेले रसायन पाण्यात जाते आणि छाप फिकट उरतो. तुमच्याकडे बहुधा तेच होत आहे.

दुसरे कारण दमटपणा. लेप दिलेला कागद अंधारात पूर्ण वाळला नाही, किंवा वाळवून पुन्हा सर्द हवेत राहिला, तर तो वापरण्याआधीच निळसर पडू लागतो. पावसाळ्यात लेप द्यावा, पंख्याखाली वाळवावा आणि त्याच दिवशी वापरावा. कागद बदलला नाही म्हणता, तरी त्याच नावाच्या नव्या गठ्ठ्यात खडूचे प्रमाण वेगळे असू शकते, आणि क्षारधर्मी कागदावर हा निळा टिकत नाही. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यास फरक जाणवेल. धुतल्यानंतर लगेच निराश होऊ नका. हवेने छाप दुसऱ्या दिवशीपर्यंत आणखी गडद होतो.

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे छाप याच पद्धतीने काढायला घेतले, त्यामुळे शेवग्याची पाने ही परंपरेला धरूनच आहेत. परंतु वरच्या प्रतिसादातील शब्दाची कल्पना इथे जास्त रंजक ठरेल. पारदर्शक शीटवर दाट काळ्या शाईने शब्द लिहिला तर तो निळ्यावर पांढरा येतो. काच घट्ट दाबली तर कडा धारदार येतात, सैल ठेवली तर शिरोरेघ धूसर होते. ती धूसरता मुद्दाम आणता येते, आणि लिनोला ती कधीच जमणार नाही.

तिरपी रेघ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कांस्य छटेपर्यंत थांबण्याची कल्पना मला नव्हती. मी वेळ मोजूनच कागद काढत होते. एक शंका मात्र उरते. एकच शब्द सहा-सात माध्यमांत शेजारीशेजारी मांडला, तर तो पुन्हा नमुन्यांचा तक्ताच दिसणार नाही का?

ठाणेकर स्टुडिओवाली

दिसेल, आणि म्हणूनच मी वरच्या सल्ल्याशी अर्धीच सहमत आहे. मी कामासाठी मुलामुलींचे संग्रह पाहते. तेथे तंत्र येते की नाही हा प्रश्न फार लवकर सुटतो. हे तंत्र इथे का वापरले, याचे उत्तर क्वचितच मिळते. आपली कला उपयोजित आहे. शब्द एकच ठेवा, पण प्रत्येक माध्यमाला त्याचे काम द्या. काळ्या कागदावर पांढरी शाई झाकून बसवणे स्क्रीन प्रिंटिंगला सहज जमते, साध्या ऑफसेटला (पुस्तके, पत्रके छापणाऱ्या नेहमीच्या यांत्रिक छपाईला) जमत नाही. मग शब्द स्क्रीनवर घ्यायचा तो काळ्या कागदाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी घ्या. जाळीही त्यानुसार निवडा: कापडासाठी सेंटीमीटरला साधारण ४० ते ६० धागे पुरतात, कागदावरच्या बारीक अक्षरांना ९० ते १२० लागतात. लिनोचा ठसठशीतपणा गुळाच्या ढेपेच्या वेष्टनावर शोभेल, म्हणजे तुमचे गुऱ्हाळही वाया जाणार नाही. संगणकावरचे रूप बसस्थानकाच्या फलकासाठी आणि मोबाइलच्या पडद्यासाठी करा, आणि लहान आकारात ‘ल्ह’ भरून जातो का ते तपासा. कोलाज मात्र काढून टाका. वर्णनावरून तरी त्याला यात काही काम दिसत नाही.

फक्त सॉफ्टवेअर येणाऱ्यांनाच नोकऱ्या मिळतात, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर र. कृ. जोशी यांचे काम पाहा. कविता, सुलेखन, जाहिरातक्षेत्र, आयआयटी मुंबईतील अध्यापन आणि मायक्रोसॉफ्टसाठीचा ‘मंगल’ फॉन्ट हे सगळे एकाच माणसाचे आहे, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी अक्षर आहे.

खिळेजुळारी

उपयोगाचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्या सल्ल्यात नव्हता हेही खरे. कोलाजबाबत मात्र मी भांडेन. जुन्या वर्तमानपत्रांतील मथळ्यांची अक्षरे कापून ‘कोल्हापूर’ जुळवले, तर वेगवेगळ्या काळांतले टाइप एका शब्दात शेजारी येतात, आणि ‘ल्ह’ अखंड न सापडल्यास तो दोन तुकड्यांतून जोडावा लागतो. खिळे जुळवणारा कंपोझिटर जे करत असे तेच तुम्ही कात्रीने कराल. ते एखाद्या प्रदर्शनाच्या पोस्टरला नक्की चालेल.

मांडणीबद्दल एवढेच सुचवतो की अंतिम छापाबरोबर एक फसलेला छापही ठेवा. मात्रेत शाई भरलेला लिनो आणि त्यानंतर फट रुंद करून घेतलेला छाप शेजारी असले, तर परीक्षकांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. सर्व छाप एकाच आकाराच्या कागदावर घ्या आणि लिनोसाठी फार खरखरीत कागद टाळा. प्रेस नसेल तर स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून छाप घेता येतो, पण तेव्हा कागद पातळ हवा.