फॉरमॅट मारण्याआधी : संगणकाच्या दुखण्यांचे अनुभव

गोदाकाठ (नांदेड)
काल पुतण्याचा फोन आला. त्याच्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि दुकानदाराने नेहमीप्रमाणे ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे सगळे पुसून नव्याने भरावे लागेल, असा निकाल दिला आहे. ते ऐकून मला आमचा जुना संगणक आठवला. लेकीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता, इंटरनेट व्यवस्थित चालू होते, तरीही प्रत्येक पानावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येत होता आणि मी व्हायरसच्या संशयाने दोन तास घालवले होते. शेवटी तिनेच पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारले, “बाबा, आपण २००९ मध्ये कधी गेलो?” संकेतस्थळाच्या ओळखीची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि २००९ सालात बसलेल्या संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आले नव्हते. तारीख हाताने दुरुस्त केली आणि अर्ज भरला. मूळ दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवरच्या, सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या संपलेल्या सेलचा होता. वीज केव्हाही जाते म्हणून रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची आमच्याकडे शिस्त आहे, आणि बटण बंद झाले की घड्याळ चालू ठेवण्याचा सगळा भार त्या सेलवर येतो. आपापले अनुभव लिहावेत.

रकाना (बीड)
सर, माझे दुखणे एक्सेलचे होते. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी करताना मी खाते क्रमांक सरळ टाइप करत गेलो. यादी वाचून दाखवत असताना एका आजोबांनी पासबुक पुढे धरले आणि म्हणाले, “शेवटी सात हाय की, शून्य कुठून आणलं?” पाहतो तर १६ आकडी प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शून्यच होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंक जपते आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवते. शिवाय क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही गिळून टाकते. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ करून उपयोग होत नाही, कारण गेलेला अंक परत येत नाही. पासबुकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा पुन्हा पुढ्यात घेऊन मी रात्री दीड वाजेपर्यंत बसलो. आता पहिला अंक टाकण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करतो.

गोदाकाठ (नांदेड)
त्या आजोबांनाच तपासनीस नेमायला हवे होते.

खडू-फळा (अंबाजोगाई)
१६ सप्टेंबरची संध्याकाळ होती आणि दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. मुख्याध्यापकांचे भाषण मी शाळेत टाइप करून पेन ड्राइव्हवर घेतले, पण छपाईच्या दुकानात फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि कंसांची नुसती खिचडी दिसली. दुकानातला मुलगा फाइल करप्ट झाल्याचे सांगत होता. प्रत्यक्षात मी जुना, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) नसलेला फॉन्ट वापरला होता. अशा फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि त्यांना मराठी रूप केवळ तो फॉन्ट देतो. दुकानात तो फॉन्टच नव्हता. मी शाळेत परतले, तिथल्याच संगणकावर पीडीएफ केली आणि तिच्यासोबत फॉन्टही गेला. त्यानंतर मी युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याची इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी शिकून घेतली. पहिले आठ दिवस बोटे रडली, हे कबूल करते.

सरकी (परभणी)
आमचे दुकान जिनिंगच्या रस्त्यावर आहे. मे महिन्यात संगणक वीस मिनिटे चालायचा आणि कोणतीही सूचना न देता बंद पडायचा, थोडा थंड झाला की पुन्हा सुरू व्हायचा. एकाने पॉवर सप्लाय बदलायला लावला, तरी फरक पडला नाही. शेवटी मी स्वतः डबा उघडला, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा घट्ट थर सापडला, तो चिमट्याने अखंड निघाला. उष्णता बाहेर पडत नसेल तर जळण्यापेक्षा प्रोसेसर स्वतःच बंद होतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते हवेने भन्नाट फिरून खराब होते.

चुलीवरचा चहा (उदगीर)
आमच्या कीबोर्डवरचे स्पेसचे बटण आपोआप दाबले जायचे. उलटा करून झटकला, तर त्यातून मुंग्या आणि लेकाच्या गूळ-शेंगदाण्याचा चुरा पडला.

नवशिका (जालना)
गोदाकाठ काका, माझ्याकडेही तारीख मागे जाते, पण घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणून बसवूनही फरक पडला नाही. आता फॉरमॅट करू का?

गोदाकाठ (नांदेड)
नको. फॉरमॅटचा त्या घड्याळाशी काहीही संबंध नाही. वायर काढून ठेवा, डबा उघडा आणि सेलची अधिक चिन्हाची बाजू वर आहे का ते पाहा.

नवशिका (जालना)
काका, खाली होती.