सल्ला हवा: हिपॅटायटिस बी ची गोळी दादा बंद करायची म्हणतोय, ठाणे-नवी मुंबईत कुणाला दाखवावं?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी. मोठ्या भावाला (वय ५२, मधुमेह आहे) रक्तदान शिबिरानंतर हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. तेव्हापासून टेनोफोविर ३०० ची रोज एक गोळी चालू आहे. परवा व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती ते) रिपोर्ट 'नॉट डिटेक्टेड' आला आणि दादा म्हणतो, व्हायरस गेला, आता गोळी कशाला? एका नातेवाइकाने काविळीचा काढा सुचवलाय. वहिनीने त्याचं ताट-पेलासुद्धा वेगळं केलंय. आधीच्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस बंद केली. लिव्हरचे डॉक्टर, परवडणारी सोय आणि गोळी चालू असताना काय सांभाळायचं, सगळंच सांगा.

नौपाड्याची
सगळ्यात आधी दादांना सांगा, गोळी स्वतःहून थांबवू नका. माझे मिस्टर बरीच वर्षं एन्टेकाविरवर (हीसुद्धा हिपॅटायटिस बी चीच गोळी) आहेत, म्हणून कळकळीने लिहितेय. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही, कारण गोळी त्याच्या प्रती बनू देत नाही. त्याचा मूळ साचा यकृताच्या पेशींच्या आत तसाच असतो. गोळी सुटली की तो पुन्हा उसळू शकतो, आणि कधी कधी यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. काहींची गोळी थांबवतातही, पण ते डॉक्टर तपासण्या बघून ठरवतात आणि पुढेही रक्त तपासत राहतात.

काढा नकोच. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं प्रसिद्ध केली आहेत. आधीच आजारी असलेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला?

आणि वहिनींना सांगा, ताट वेगळं करायची काही गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने हे पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पसरतं. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं आपापलं. घरातल्या माणसाला असं बाजूला बसवलेलं बघून फार वाईट वाटतं हो.

ऐरोली_फार्मासिस्ट
मधुमेह आहे म्हणून किडनीबद्दल लिहितो. टेनोफोविर ३०० म्हणजे डायसोप्रॉक्सिल. ती काही जणांच्या किडनीवर आणि हाडांवर परिणाम करते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी वेळोवेळी व्हायलाच हवी. पर्याय आहेत: टेनोफोविर अलाफेनामाइड २५, जी जेवणासोबत घेतात, किंवा एन्टेकाविर, जी रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. पण बदल डॉक्टरच करतील, काउंटरवर नाही.

गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या मनाने घेऊ नका, टेनोफोविरसोबत किडनीवर दुहेरी भार येतो. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन कधी सुरू झाली तर अलाफेनामाइडशी जुळत नाही, आधी सांगा. स्टेरॉइड किंवा केमो द्यायची वेळ आली तर 'मला हिपॅटायटिस बी आहे' हे त्या डॉक्टरांना सांगायलाच हवं. एक डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढचा जवळ आला असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नको.

एचआयव्हीची तपासणी सुरुवातीला झाली होती का? दोन्ही आजार असतील तर एकटं टेनोफोविर पुरत नाही, एचआयव्ही औषधाला दाद देईनासा होतो.

वाशीकर
डॉक्टरांचं नाव देत नाही, पण गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट (पोटविकारतज्ज्ञ) किंवा हिपॅटॉलॉजिस्टच (यकृततज्ज्ञ) बघा, जनरल फिजिशियनवर थांबू नका. सरकारी बाजूने २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ठाण्याच्या सिव्हिलमध्ये, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा, उपचार केंद्र कुठे ते सांगतील. शंका उरली तर सायन किंवा केईएमची गॅस्ट्रो ओपीडी आहे. तुम्हाला ठाण्यावरून स्लो लोकलने सायन सोपं. सकाळी लवकर जा, जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. सोनोग्राफी सहा-सहा महिन्यांनी करायला सांगतात, ती टाळू नका. यकृताचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून असते.

कोपरखैरणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एचआयव्हीचा रिपोर्ट फाइलमध्ये सापडला, निगेटिव्ह आहे. नौपाड्याची ताईंचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला, गोळी चालूच ठेवतोय. वहिनी आणि दोन्ही मुलांचं काय करू?

ऐरोली_फार्मासिस्ट
आधी तिघांची एचबीएसएजी (लागण आहे का ते कळतं) आणि अँटिबॉडी (संरक्षण आहे का ते कळतं) तपासणी करा. संरक्षण नसेल तर लस: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वहिनींचं शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) मोजून घ्या, १० च्या वर आलं की लस लागू झाली.