डेस्कटॉपची सुरक्षितता वाढवताना सुलभता किती राखावी?

प्रश्न (सांगली): आमचा गट लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर आधारित डेस्कटॉप तयार करत आहे. प्रत्येक फाइलसाठी परवानगी विचारली, तर हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारी मंडळी न वाचताच ‘होय’ दाबतात. मग मर्यादा कुठे आखावी?

उत्तर: विंडोज व्हिस्टातील अशा सूचनांना लोक कंटाळले आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्या कमी कराव्या लागल्या. माझ्या मते फाइल निवडण्याची खिडकी अ‍ॅपने नव्हे, तर प्रणालीने उघडावी, म्हणजे वापरकर्त्याने निवडलेली फाइल तेवढीच अ‍ॅपला मिळते आणि वेगळी परवानगी विचारावीच लागत नाही. फ्लॅटपॅक या लिनक्सवर अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेतील पोर्टल, म्हणजे अ‍ॅप आणि प्रणाली यांच्यातील मध्यस्थ सेवा, असेच चालतात.

उत्तर (सातारा): सहमत आहे. मात्र एक्स ११ या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या प्रणालीमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्यात टंकलेले वाचता येत असे, ते तिच्या जागी आलेल्या वेलँडने रोखले, तेव्हा दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचीही अडचण झाली. त्यांची सोय कृपया आरंभीच करावी.