वजन ९२, बैठं काम, उतरताना गुडघे दुखतात: सुरुवात कुठून करावी? (सातारा)

खुर्चीबहाद्दर

वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ९२ किलो, बेंबीपाशी घेर १०४ सेंमी. एमआयडीसीत हिशेबाचं काम, दिवसभर खुर्ची, जाणं-येणं दुचाकीवर. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या सीमेवर. ईसीजी ठीक आहे आणि व्यायामाला डॉक्टरांची हरकत नाही. पण "वजन उतरवा" यापलीकडे काही सांगितलं गेलं नाही.

घरचं जेवण: ज्वारीची भाकरी, कूट घातलेल्या भाज्या, आमटी-भात, रविवारी मटण. अंडी चालतात. अजिंक्यतारा किल्ला चढायला दम लागतो, पण खरा त्रास उतरताना. गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं.

विचारायचं ते असं: पळायला सुरुवात करू का? भाकरी-भात सोडू का? जिम लावल्याशिवाय जमेल का? सप्टेंबरपर्यंत साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचं (घाटातली पळण्याची शर्यत) डोक्यात आहे, हसू नका.

पहाटपळ

हसत नाही. उद्यापासून पळायला लागा, आठवड्यातून पाच दिवस तीन किलोमीटर. शरीर आपोआप सवय करून घेतं. आणि रात्रीचा भात बंद करा, पोट महिन्यात सपाट.

वाटीभर

वरच्या दोन्ही सल्ल्यांना उणे एक. पळण्याबद्दल जाणकार बोलतीलच, मी ताटाबद्दल लिहिते.

तुमच्या मापांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३१.८ येतो. भारतीय शरीरासाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पुरुषांच्या पोटाच्या घेराची मर्यादा ९० सेंमी. नुसतं पडून राहिलात तरी शरीर दिवसाला साधारण १७८० कॅलरी खर्च करतं. खुर्चीतलं काम धरून हा आकडा साडेबावीसशे ते तेवीसशेच्या आसपास जातो. १८०० खाल्लंत तर रोज ४५०-५०० ची तूट. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे महिन्याला पावणेदोन ते दोन किलो. "महिन्यात दहा किलो"च्या जाहिरातींपुढे हे फिकं वाटेल, पण त्या दहा किलोत पाणी आणि स्नायू किती गेले ते जाहिरातीत नसतं.

आता कात्री कुठे लावायची? भाकरीला नाही. ६० ते ७० ग्रॅम पिठाची भाकरी २०० ते २३० कॅलरीची असते आणि भूक धरून ठेवते. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून एकदा पिठाचा गोळा मोजा, कारण काही घरांतली "एक भाकरी" शंभर ग्रॅम पिठाची निघते. भातही चालेल. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी असतात, दुपारी खाल्ला काय नि रात्री खाल्ला काय. रात्री भात सोडल्यावर वजन उतरतं ते त्याबरोबरची दुसरी वाढणी आणि वरचं तूप गेल्यामुळे.

आपल्याकडे जास्तीच्या कॅलरी तीन ठिकाणी लपतात: तेल, कूट आणि चहा.

तेल आधी बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल, तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम झालं, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच अडीच लिटरवर आणलं की १७० वाचतात आणि ताटातला एकही पदार्थ कमी होत नाही. युक्ती एकच: महिन्याचं अडीच लिटर वेगळ्या डब्यात काढायचं आणि पळीऐवजी चहाच्या चमच्यानं घालायचं. बाटलीतून थेट कढईत ओतलं की हिशेब बुडाला. मटणाचा कट वरून काढून घ्या. तो फेकायला जीव होत नाही हे मान्य, मग निदान भाकरी त्यात चुरू नका.

शेंगदाण्याचं कूट वाईट नाही, पण आपण ते मीठ घातल्यासारखं न मोजता घालतो. ३० ग्रॅम कुटात १७० कॅलरी. वांग्याच्या भाजीत, कोशिंबिरीत, वर चटणीत असं तीनदा आलं की एका भाकरीपेक्षा जास्त झालं. जेवणात एकाच पदार्थात कूट, बाकी बिनकुटाचं.

चहा: अर्धं म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला घरचा कपभर ११० कॅलरीच्या घरात जातो. असे चार घेत असाल तर दोन करा आणि साखर आठवड्याला अर्धा चमचा उतरवत न्या. एकदम बंद केली की चौथ्या दिवशी माणूस बिस्किटाचा पुडा फोडतो. कंदी पेढा आल्यागेल्याबरोबर एक, पुडा घरात ठेवायचा नाही.

जे वाढवायचं ते प्रथिन. ७५ किलो हे पुढचं वजन धरून किलोला १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९० ग्रॅमच्या जवळपास. हे कमी पडलं तर वजनाबरोबर स्नायूही जातात. दोन अंडी (१२ ग्रॅम), मटकी ५० ग्रॅम कोरडी धरून उसळ (१२), आमटीत ३० ग्रॅम डाळ (७), सोयाबीनच्या वड्या ४० ग्रॅम (२०), गाईच्या दुधाचं दही २०० ग्रॅम (७), चहासकट दूध २०० मिली (७), तीन भाकरी (१९). बेरीज ८४. यात चार-पाच चमचे तेल, भाज्या आणि एक फळ धरलं तरी सगळं १८०० मध्ये बसतं. भात हवा त्या दिवशी एक भाकरी कमी. रविवारी मटण असेल तर वड्या आणि उसळीला सुट्टी. तुम्हाला रक्तदाब आहे, तेव्हा प्रथिन वाढवण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या.

वाटी_आणि_सांधा (फिजिओथेरपिस्ट)

आहाराला +१. गुडघ्याचं सांगतो.

चढताना दम लागतो तो हृदय-फुप्फुसांचा. उतरताना दुखतं ते मांडीच्या पुढच्या स्नायूमुळे. उतरताना प्रत्येक पावलाला हा स्नायू लांबत-लांबत तुमचं वजन अडवतो. तो कमकुवत असला की वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब नीट सांभाळला जात नाही आणि वाटीमागे दुखतं. तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय, मात्र हात लावून तपासल्याशिवाय शिक्का मारणार नाही. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक सुटत असेल, तर आधी दाखवा.

पहाटपळ यांनी म्हटलंय तशी सवय होते, पण सगळ्या अवयवांना एका वेगानं नाही. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो. स्नायूबंध आणि हाडांना काही महिने लागतात. त्यामुळे साधारण महिन्याभरानं माणसाला वाटतं आता जमतंय, तो अंतर दुप्पट करतो आणि नडगी किंवा टाच धरून बसतो. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ आली तर ती तळपायाच्या पट्ट्याची. त्या दिवशी चालणं निम्मं करायचं आणि घरातल्या फरशीवरही चप्पल घालायची.

जिमची आत्ता गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड:

खुर्चीवरून उठणं-बसणं, ८ ते १० वेळा, तीन फेऱ्या. हात छातीवर. बसायला तीन सेकंद घ्या, कारण गुडघ्याला उपयोग होतो तो या बसण्याचा. धप्पकन बसलात तर व्यायाम वाया. खुर्ची खोल वाटली तर उशी ठेवा.

पाठीवर झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलणं, १२ वेळा, तीन फेऱ्या. बैठ्या माणसाचे नितंबाचे स्नायू झोपलेले असतात आणि त्यांचं काम गुडघ्याच्या गळ्यात पडतं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर (१५ सेंमीच्या आसपास) एका पायानं चढणं आणि हळू उतरणं, प्रत्येक पायाला ८. गुडघा आत झुकतोय का ते आरशात बघा. झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

भिंतीवर हात टेकून दंड १० आणि टाचा उचलणं १५, दोन-दोन फेऱ्या.

दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी शांत झालं तर चालू ठेवा. सकाळीही दुखत असेल तर पुढच्या वेळी एक फेरी कमी. सगळं सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत दोन लिटरची पाण्याची बाटली टाका, मग दोन.

रक्तदाब असलेल्यांनी जोर लावताना श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. विश्रांतीत १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. आणि एक सहसा कुणी सांगत नाही: अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांना संध्याकाळी सूज येते. लोक ती चालण्यामुळे समजून चालणं सोडतात. दोन्ही पायांना सारखी आणि न दुखणारी असेल तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

घाटवाट

चालण्याचं मी सांगतो. पहिले दोन आठवडे सपाटीवर, शाहू क्रीडा संकुलाच्या मैदानावर, आठवड्यातून पाच दिवस २० मिनिटं. वेग असा की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. मोजायचंच असेल तर मिनिटाला १०० पावलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० मिनिटं. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं झाली. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात हाच आकडा होता: १५० मिनिटं आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य. तुमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे ७ टक्के म्हणजे साडेसहा किलो. आधी ८५-८६ गाठा, ७५ चं नंतर बघू.

पाचव्या आठवड्यापासून चढ. सातारा यासाठी सोयीचं गाव आहे, पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे निघालात की सौम्य चढ आपोआप मिळतो. पहाटे सहाच्या आत जा, नंतर वाहनं वाढतात. सातव्या आठवड्यापासून समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटात २० मिनिटं वर.

आता मुख्य मुद्दा: चढ पायी, उतार गाडीनं. घरातल्या कुणाला तरी दुचाकी घेऊन वर बोलवा. अजिंक्यताऱ्यालाही हाच नियम, डांबरी रस्त्यानं चढा आणि मागे बसून खाली या. फिजिओंच्या पायरीचा व्यायाम सलग दीड-दोन महिने झाला की उतार सुरू करा, तोही आधी पाव भागाचा. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही.

पळणं दहाव्या आठवड्यात, तेही एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं सात वेळा. हिल मॅरेथॉनचे २१ किलोमीटर यंदा नकोत. तिथं जाताना घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा असतो, म्हणजे जिथं तुमचा गुडघा कच्चा तिथंच थकलेल्या पायांनी परीक्षा. यंदा रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवा.

पावसाळ्यात पायवाटांवर शेवाळं आणि घाटात धुकं. तेव्हा घरचा जिना किंवा अपार्टमेंटचं पार्किंग. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कास पठाराकडे जाणाऱ्या वाहनांची रांग याच घाटात असते, ते दोन दिवस मैदानावर.

पहाटपळ

दहा आठवडे नुसतं चालायचं? त्यात किती कॅलरी जळणार?

वाटीभर

फार नाही, ते बरोबर. ९२ किलोच्या माणसाला सपाटीवर किलोमीटरमागे जास्तीच्या ४५-५० कॅलरी. तीन किलोमीटर चालून येऊन वडापाव खाल्ला तर हिशेब उलटा. वजन ताटानं उतरतं. चालण्यानं साखर, रक्तदाब आणि दम सुधारतो आणि उतरलेलं वजन परत चढत नाही. जेवणानंतर दहा मिनिटं फिरलात तरी जेवणानंतरची साखर कमी वर जाते.

खुर्चीबहाद्दर

टाळ्या वाजवायला येतो. आणखी दोन शंका. वजन रोज बघायचं का? आणि श्रावणी सोमवार धरतो, त्याचं काय?

वाटीभर

रोज बघा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. मात्र तुलना आठवड्याच्या सरासरीची करा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरेल ते बरंचसं पाणी असतं, कारण स्नायूंतल्या साठवणीच्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं. लोणचं, पापड किंवा खरडा जास्त झाला की दुसऱ्या दिवशी किलोभर वर दिसेल, तीही चरबी नव्हे. घेर पंधरवड्यातून एकदा, श्वास सोडून, टेप न आवळता. तीन आठवडे सरासरी आणि घेर दोन्ही हलले नाहीत तर प्रमाण नकळत वाढलंय. पुन्हा वजनकाटा काढा, तेलाच्या डब्यापासून.

सोमवारचा घात साबुदाणा करतो. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, बटाटा आणि चमचाभर तूप मिळून एका प्लेटीत ६०० च्या वर कॅलरी आणि प्रथिन जेमतेम ९ ग्रॅम. दोन प्लेटी खाऊन "उपास आहे" म्हणायचं! त्याऐवजी ५० ग्रॅम वरईचा भात, दाण्याची पातळ आमटी, वाटीभर दही, एक उकडलेलं रताळं, दिवसभरात ताक. त्या दिवशी चालणं चालेल, पायरीचा व्यायाम मंगळवारी.

वाटी_आणि_सांधा

यात एक भर. तुम्हाला साखरेची गोळी नाही म्हणून उपाशीपोटी चालायला अडचण नाही. पण हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी) किंवा इन्सुलिनवर असेल तर रिकाम्या पोटी चालू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजची पुडी हवी.

आणि खुर्चीबहाद्दर, पाच-सहा किलो उतरल्यावर तीच रक्तदाबाची गोळी जास्त पडू शकते. बसल्याचं उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, रक्तदाब लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करू नका.