युटा-अ‍ॅरिझोना रोडट्रिप: ९ रात्री, दोन मुलं, सासूसासरे. काय ठेवू, काय गाळू?

पाऊलखुणा:
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण युटा-अ‍ॅरिझोनाची रोडट्रिप करतोय. आम्ही दोघं, लेक नऊ वर्षांची (चौथीत आहे), धाकटा पाच वर्षांचा, आणि सासूसासरे. ते दोघं ग्रीनकार्डवर आता इथंच अमेरिकेत असतात, सत्तरीच्या आसपास आहेत. बाबा ठणठणीत आहेत, रोज चालतात, पण आईंचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास आरामात चालतील, चढउतार आणि पायऱ्या नकोत.

वेगासला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि वेगासलाच परत यायचं, ९ रात्री हातात आहेत. आत्ताची यादी अशी: झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅन्यन, ग्रँड कॅन्यन, आणि जमलं तर शेवटी डेथ व्हॅली. नवरा म्हणतो एवढं लांब जातोय तर सगळं बघूनच येऊ, परत कधी जमेल कोण जाणे. मला भीती वाटतेय की पोरं आणि आईबाबा गाडीतच आंबून जातील. आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) घ्यावी की मिनिव्हॅन? पार्कांचा पास कुठला काढावा? आणि गाळायचंच झालं तर काय गाळू? ज्यांनी मुलं आणि वडीलधारी माणसं दोन्ही घेऊन ही ट्रिप केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सह्यवेडा:
डेथ व्हॅली आधी काढून टाका, ती कॅलिफोर्नियाच्या बाजूला, तुमच्या उलट दिशेला आहे. तिथलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे, तिथलं मिठाचं मैदान अफाट आहे, पण ती थंडीत वेगासहून वेगळी करायची ट्रिप. उरली आठ ठिकाणं, तीही ९ रात्रींत नाही बसत हो. म्हणजे नकाशावर बसतात, पण मग रोज सकाळी सहा जणांच्या बॅगा भरायच्या, तीन तास गाडी, दुपारी भर उन्हात पार्कात पोचायचं, दोन व्ह्यूपॉइंटवर फोटो काढायचे आणि झोपायला पुढचं मोटेल. आम्ही पहिल्यांदा नेमकं हेच केलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, चौथ्या दिवशी कॅपिटॉल रीफला गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

या भागात सगळी मजा सकाळच्या आणि संध्याकाळच्या दोन-दोन तासांत असते. तेच दगड दुपारी फिकट, सपाट दिसतात आणि ऊन कललं की आतून पेटल्यासारखे लाल होतात. त्यामुळे जिथं राहाल तिथं दोन रात्री राहा, एक तरी पूर्ण सकाळ आणि पूर्ण संध्याकाळ मिळाली पाहिजे.

माझं मत, ग्रँड कॅन्यन आणि अ‍ॅरिझोना पुढच्या वेळी ठेवा. झायन, ब्राइस, मग हायवे १२ ने कॅपिटॉल रीफ, मग मोआबला मुक्काम करून आर्चेस आणि कॅन्यनलँड्स, आणि परतीचं विमान सॉल्ट लेक सिटीहून घ्या, मोआबहून ते चार तासांवर आहे. हायवे १२ वर बोल्डर गावाच्या अलीकडे एक पट्टा येतो तिथं रस्ता अक्षरशः डोंगराच्या कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि कठडा नाही. मी गाडी चालवत होतो आणि मागे कोणी एक शब्द बोलत नव्हतं. तो रस्ता गाळू नका एवढंच सांगेन.

निवडुंग:
सह्यवेडा, दोन रात्रींचं शंभर टक्के पटलं, पण ग्रँड कॅन्यन गाळायचं? सत्तरीच्या माणसांना घेऊन? मी अ‍ॅरिझोनातच राहते, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना तिथं घेऊन जाते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला एवढं मोठं काही इतक्या कमी कष्टात बघायला मिळेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण काठाला, कडेकडेने पक्का, सपाट रस्ता आहे, बाकं आहेत, फुकट शटल आहे, दोन शटल स्टॉपच्या मधलं अंतर चालायचं आणि दमलं की पुढच्या बसमध्ये बसायचं. याउलट आर्चेसमधली डेलिकेट आर्च ही दगडी कमान जवळून बघायची तर जाऊन-येऊन तीन मैल, ४८० फूट चढ, तोही उघड्या खडकावरून, सावली औषधाला नाही. आई खाली गाडीपाशी बसणार आणि तुम्ही वर जाणार, असं नको ना.

म्हणून मी उलट सांगेन: मोआब आणि कॅपिटॉल रीफ गाळा. झायन, ब्राइस, पेज (अँटिलोपजवळचं गाव), मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, परत वेगास, असा गोल होतो, आणि कुठलाच पट्टा तीन-साडेतीन तासांच्या वर जात नाही, फक्त शेवटचा ग्रँड कॅन्यन ते वेगास साधारण साडेचार तासांचा आहे. नॉर्थ रिमच्या भानगडीत पडू नका. पक्ष्याला दहा मैल, पण गाडीने दोन रिममध्ये दोनशेच्या वर मैल आहेत, शिवाय तिथलं जुनं लॉज २०२५ च्या जुलैतल्या वणव्यात जळून गेलं.

आरव्ही नको, मिनिव्हॅनच घ्या. झायनच्या पूर्वेकडचा १.१ मैलाचा बोगदा १९३० चा आहे, मोठ्या गाड्यांसाठी तो बांधलेलाच नाही, आणि ब्राइसला जायचा तुमचा रस्ता तिथूनच आहे.

चाफेकळी:
पासाबद्दल. अहो लेक चौथीत आहे ना? मग पास विकत घेऊच नका! चौथीतल्या मुलांना सरकारतर्फे वर्षभराचा फुकट पास मिळतो, एव्हरी किड आउटडोअर्स म्हणून, मुलीने साइटवर जाऊन छोटीशी अ‍ॅक्टिव्हिटी करायची, आणि मग गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश फुकट, सप्टेंबर ते पुढचा ऑगस्ट. आणि सासूसासरे ग्रीनकार्डवर आहेत, ६२ च्या पुढे आहेत, तर त्यांच्यापैकी एकाचा सीनियर पास काढून ठेवा, ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा. लेक पाचवीत गेली की तो कामाला येईल.

धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात: सीनियर पास त्यांना मिळत नाही. आणि २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलर झालाय, तो नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ पार्कांत सोळा वर्षं आणि त्यावरच्या माणसाला माणशी १०० डॉलर जादा पडतात. तिकिटं काढायच्या आधीच हा हिशोब करा.

मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नॅशनल पार्क नाहीत, नावाहो या मूळच्या आदिवासी लोकांची जमीन आहे, तिथं कुठलाच पास चालत नाही. अँटिलोपमध्ये तर नावाहो गाइडशिवाय जाताच येत नाही, टूर आधी बुक करा.

सह्यवेडा:
निवडुंग, आईंच्या गुडघ्यांचा विचार मी केलाच नव्हता, तुमचं बरोबर आहे. मग मी ब्राइसला दोन रात्रींचा हट्ट धरेन. माझी आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, तिलाही चढ जमत नाही. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा कडेचा अर्धा मैल पक्का, जवळपास सपाट आहे. आम्ही उजाडायच्या आधी गेलो, ती शाल गुंडाळून बाकावर बसली, थर्मासमधला चहा हातात. समोर ते हजारो दगडी सुळके, हूडू म्हणतात त्यांना, आधी सगळे राखाडी. मग सूर्य वर आला आणि उजेड एका सुळक्यावरून दुसऱ्यावर आपटून मागच्या बाजूनेही यायला लागला, सावलीतले दगडसुद्धा नारिंगी. आई काहीच बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली. चहा तसाच गार झाला.

ऑक्टोबरात सूर्योदय साडेसातच्या सुमारास असतो, म्हणजे मुलांनाही फार लवकर उठवावं लागत नाही. पण जाड जॅकेट, कानटोप्या न्याच, ब्राइस आठ हजार फुटांवर आहे, रात्री पाणी गोठतं. ते सुळके झालेत ते त्यामुळेच, पाणी भेगांत शिरतं, गोठून फुगतं आणि दगड फोडतं, मुलांना तिथं उभं राहून हे सांगितलं तर पटकन कळतं. आई-बाबांना पहिल्या दिवशी थोडी धाप लागेल, घाई करू नका.

निवडुंग:
आता घड्याळाचं नीट वाचा, यात भले भले फसतात. युटा वेगासच्या एक तास पुढे. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात पेज आणि ग्रँड कॅन्यन वेगासच्याच वेळेवर. पण नावाहो नेशन, म्हणजे नावाहो लोकांचा प्रदेश, घड्याळ बदलतं, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली परत वेगासच्या एक तास पुढे. आमच्याकडच्या पाहुण्यांना घेऊन ग्रँड कॅन्यनहून मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो होतो, सूर्यास्ताची जीप टूर बुक केलेली, वेळेत पोचलो म्हणून निवांत चहा घेत बसलो, आणि जीप तासाभरापूर्वीच निघून गेली होती. इथं राहून मला हे लक्षात यायला हवं होतं, आजोबा फार हिरमुसले होते. पेजच्या आसपास फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर वेळ दाखवतो, तेव्हा टूरवाल्यांना विचारून वेळ कागदावर लिहून ठेवा.

लोअर अँटिलोपला, म्हणजे त्या अरुंद घळीच्या खालच्या भागात, लोखंडी जिने आहेत, खूप उभे, आईंना नको. आणि पावसाचा इशारा असेल, गाइडने टूर रद्द केली तर अजिबात वाद घालू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथं ११ पर्यटक पुरात वाहून गेले, आणि डोक्यावर पाऊस नव्हता, तो मैलोन्‌मैल लांब पडला होता. झायनच्या नॅरोजलाही (अरुंद घळीत नदीतूनच चालायची वाट) हाच नियम. लेकीला पाण्यात उतरायचं असेल तर पक्क्या रिव्हरसाइड वॉकच्या टोकाला रेंजरना (पार्कच्या रक्षकांना) विचारून घोटाभर पाण्यात, बस.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. गाडीत गॅलनचे कॅन ठेवा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या.

चाफेकळी:
मुलांसाठी ज्युनियर रेंजर विसरू नका! प्रत्येक पार्कच्या व्हिजिटर सेंटरला पुस्तिका फुकट मिळते, पोचल्या पोचल्या आधी तीच घ्या. चित्रं काढायची, दगड-प्राणी ओळखायचे, मग रेंजर उजवा हात वर करायला लावून शपथ देतात आणि बॅज देतात. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना झायनला मिळालेला बॅज शर्टाला लावून झोपला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून वाटेत कचरा दिसला की उचलायचा. गाडीतला वेळही पुस्तिकेत जातो.

जेवणाचं म्हणाल तर छोटा राइस कुकर आणि मेतकूट, लोणचं, तूप. झायनजवळच्या स्प्रिंगडेलला आणि पेजला दुकानं आहेत, पण मॉन्युमेंट व्हॅलीजवळ संध्याकाळी फारसं काही नसतं, त्या दिवशीचं आधीच करून घ्या, दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या.

पाऊलखुणा:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री हा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. आईंना सरळ विचारलं तुम्हाला काय बघायचंय, तर म्हणाल्या मला ग्रँड कॅन्यन बघायचंय, बाकी तुम्ही न्याल तिथं येईन. आजवर कोणी त्यांना विचारलंच नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. नवऱ्यानेही मोआब पुढच्या वर्षावर टाकलं.

तर आता असं ठरलंय: झायन २, ब्राइस २, पेज १, मॉन्युमेंट व्हॅली १, ग्रँड कॅन्यन २, शेवटची वेगास. अँटिलोपला मी, नवरा आणि लेक जाणार, तेवढ्या वेळात धाकटा आजी-आजोबांबरोबर हॉटेलवर, आणि पेजजवळच्या हॉर्सशू बेंडला, नदीच्या त्या नालेसारख्या वळणाला, सगळे एकत्र. तिथं आईंना जमेल ना? आणि मॉन्युमेंट व्हॅलीहून ग्रँड कॅन्यनला येताना पहिल्यांदा दरी कुठून दाखवू?

निवडुंग:
हॉर्सशू बेंडची वाट जाऊन-येऊन दीड मैल आहे, रुंद आणि चांगली केलेली. जाताना उतार, म्हणजे येताना चढ, सावकाश जमेल, पण दुपारी नको. कठडा व्ह्यूपॉइंटच्या थोड्याच भागाला आहे, बाकी कडा उघडा आणि हजार फूट खोल, धाकट्याचा हात क्षणभरही सोडू नका. पार्किंगचे १० डॉलर वेगळे.

ग्रँड कॅन्यनला तुम्ही कॅमेरॉन गावाकडून याल, म्हणजे पूर्वेच्या गेटने, आणि पहिलाच थांबा डेझर्ट व्ह्यू. तिथं १९३२ चा दगडी मनोरा आहे, मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईने बांधलेला, पार्किंगपासून थोडंच चालायचं. आईंना तिथंच दाखवा, खाली कोलोरॅडो नदीही दिसते. ऊन कलतं असताना पोचाल अशा बेताने मॉन्युमेंट व्हॅलीहून दुपारच्या जेवणानंतर निघा, घड्याळ एक तास मागे जातं, तो तास तुमच्याच पदरात पडेल.

पाऊलखुणा:
मग डेझर्ट व्ह्यूच. जेवणानंतरची वेळ वहीत लिहून ठेवली, कुठल्या घड्याळाची तेही.