मेडिकलच्या प्रवेशाआधी वॉर्डातलं काम सक्तीचं असावं का?

पडवीवरचा
माझं मत: असावं. शाळेची शेवटची दोन वर्षं मुलं जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र घोकतात, सराव परीक्षांचा रतीब घालतात, पण आजारी माणसाचं अंग पुसायचं म्हणजे काय, याची त्यांना कल्पनाही नसते. मग कॉलेजची दोन-तीन वर्षं गेल्यावर कळतं, की रक्त बघवतं पण कण्हणं ऐकवत नाही. जर्मनीत मेडिकलच्या अभ्यासक्रमातल्या पहिल्या सरकारी परीक्षेआधी 3 महिन्यांची शुश्रूषा-सेवा करावीच लागते आणि बरेच जण ती प्रवेशाआधीच उरकतात. चादर बदलणं, भरवणं, कूस वळवून देणं, बेडपॅन. याला गुण नाहीत, नुसता दाखला. तो सगळीकडे मागावा.

गणिती_किडा
अजिबात सहमत नाही. तीन महिने फुकट राबणं कुणाला परवडतं? ज्याच्या घरी चूल त्याच्या कमाईवर पेटत नाही त्यालाच. आणि हा दाखला देणार कोण? लेखी परीक्षा निर्दयी असेल, पण तुमचा काका सर्जन आहे की नाही हे तिला कळत नाही. माझं तर म्हणणं, एका पातळीवर गुण मिळाले की पुढची निवड निव्वळ नशिबावर सोडा. नेदरलँड्समध्ये 1972 पासून कित्येक दशकं मेडिकलला सोडत होती. शाळेत गुण जास्त, तर नंबर लागायची शक्यता जास्त, एवढंच.

पडवीवरचा
वा! उद्या कुणाचं ऑपरेशन करायचं तेही चिठ्ठी टाकून ठरवा.

गणिती_किडा
हसा खुशाल. अर्ध्या गुणाने वर असलेला मुलगा चांगला डॉक्टर होतो आणि खालचा होत नाही, हे सिद्ध करून दाखवा, मग बोलू.

चहाटळ
मधला मार्ग आहे की. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांबलचक मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या मुलाखतींची रांग लावली. दर टेबलावर नवा परीक्षक, नवा प्रसंग. एकाशी ओळख असली तरी बाकीच्यांचं काय करणार?

रात्रपाळी
वॉर्डात नर्स आहे म्हणून लिहिते. इतका वेळ मुलांच्या सोयीचंच चाललंय, पेशंटचं नाव कुणी काढलं नाही.

डॉक्टरांच्या मागे राउंडला फिरणारी मुलं मला नकोत. ती काही शिकत नाहीत, वाटेत उभी राहतात, आणि परक्या पोरासमोर आपलं पोट उघडं करायचं का, हे त्या बाईला कुणी विचारत नाही. हाताने काम करणारी मुलं चालतील, पण त्यांची तयारी करून पाठवा. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस साधारण 0, 1 आणि 6 महिन्यांनी देतात. म्हणजे पहिला डोस घेऊन जो थेट कामाला लागेल, त्याचा तीन महिन्यांचा दाखला हातात पडेल तेव्हा लस अर्धवटच असेल. उद्या सुई टोचली तर जबाबदार कोण? हात कधी धुवायचे, पेशंटला पाठीत न भरता कसं उचलायचं, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे आधी शिकवायचं कुणी? तेही आम्हीच, हातातली औषधं वाटत?

सांधेजोड
मी फिजिओथेरपीत आहे. सगळे ‘मेडिकल’ म्हणजे डॉक्टरच धरून चालले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार जगात नर्स जवळपास 2.8 कोटी, डॉक्टर त्याहून बरेच कमी. शिवाय लॅब, एक्स-रे, वाचा-उपचार. वॉर्डात राहिलेल्या मुलाला एखाद वेळेस कळेल, की आपल्याला निदानात रस नाही, माणूस पुन्हा चालता करण्यात आहे. त्यासाठी तरी पाठवा.

पडवीवरचा
रात्रपाळीताई, लशीचा मुद्दा बिनतोड. मग प्रवेशाची अट नको. पहिल्या वर्षातच ठेवा, लस पूर्ण झाल्यावर, वर विद्यावेतन देऊन.

गणिती_किडा
पैशाचा प्रश्न सुटला, पण तुमचा मूळ हेतूच गेला. एकदा फी भरून आत गेल्यावर, घरच्यांनी गावभर सांगितल्यावर, ‘मला हे जमत नाही’ म्हणून कोण बाहेर पडतो? चाळायचं असेल तर आधीच चाळा, नाहीतर चाळणीचं नाव काढू नका.

रात्रपाळी
आधी असो की नंतर, दाखल्यावर सही वॉर्डातल्या सिस्टरची हवी, प्राध्यापकांची नको. आणि ‘नापास’ लिहायची मुभा हवी. ती देणार नसाल तर मुलं पाठवू नका, आम्हाला कामं पुष्कळ आहेत.