सायकलची चायनीज कार्बन फ्रेम घेणारे सगळे मरायला निघालेत काय?

टिळकवाडी_२९
परवा आपल्या बेळगावच्या सायकलवाल्यांतल्याच एकानं लिहिलं: "३५ हजारात बिनानावाची कार्बन फ्रेम चीनमधून मागवणारा स्वतःच्या तेराव्याचा आचारी ठरवून ठेवतोय. कार्बन पाहिजे तर कंपनीचं घ्या, ऐपत नसेल तर ॲल्युमिनियमवर गप बसा." खाली सगळ्यांनी अंगठे दिलेत. ऐपत काढली नसती तर मी सोडून दिलं असतं. आता वाचा.

कंपनीची फ्रेम तरी कुठं होते? जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेमा, म्हणजे कार्बनच्या धाग्याचं कापड राळेत बसवून केलेल्या, तैवान नाहीतर चीनमध्येच होतात. तैवानची मेरिडा स्वतःच्या नावानं सायकली विकते आणि अमेरिकेच्या स्पेशलाइज्डमध्येही तिचा मोठा हिस्सा आहे. तैवानच्याच जायंटनं दुसऱ्यांच्या नावाच्या फ्रेमा वर्षानुवर्षं करून दिल्यात. झियामेन, शेनझेन, डोंगगुआनकडचे कारखाने तर साचा स्वतःच काढतात आणि येईल त्याला त्यातली फ्रेम विकतात, ओपन मोल्ड म्हणतात ती हीच. बाहेरचा एखादा छोटा ब्रँड तीच उचलतो, रंग मारतो, वर दाम लावतो. ती तुम्ही घेतली की शहाणे, मी रंगाच्या आधीची घेतली की माझं तेरावं!

वॉरंटीचं कौतुक पण ऐकून झालं. लाइफटाइम म्हणतात ती पहिल्या मालकाला, आणि तीही बनावटीच्या दोषापुरती. आपटून फुटली तर हात वर. राजहंसगडाच्या उतारावर जांभ्या दगडात आपण आपटण्याशिवाय दुसरं काय करतो? तेवढ्यासाठी फ्रेमचे लाखाच्या पुढं मोजायचे?

नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली तेव्हापासून सरळ कारखान्याशीच बोलावं लागतंय. माझ्या मते ते बरंच झालं. जॉमेट्रीचं, म्हणजे फ्रेमच्या कोनांचं आणि लांबीचं ड्रॉइंग मागा. बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस फिरतो ती जागा) आट्याचं घ्या, दाबून बसवायच्या प्रेसफिटच्या नादाला लागू नका. मागचा ॲक्सल १४८ मिलिमीटरचा, बूस्ट म्हणतात तो. हँगर (मागचा गिअर टांगतो तो तुकडा) यूडीएच, म्हणजे सगळ्यांना चालणारा एकाच मापाचा. एवढं विचारलं की समोरच्याला कळतं गिऱ्हाईक कच्चं नाही. हार्डटेलची, म्हणजे मागं सस्पेन्शन नसलेल्या सायकलची फ्रेम सव्वा किलोच्या आसपास बसते, ॲल्युमिनियमची दोनला टेकते. सीमेपलीकडं महाराष्ट्रात वैजनाथचा डोंगर चढताना तो फरक मांड्यांना विचारा.

वैजनाथ_चढण
पहिल्यांदा, सीमेपलीकडं कसलं? वैजनाथची देवरवाडी आपलीच.

दुसरं, ते तेराव्याचं वाक्य माझंच आहे आणि मी ते मागं घेणार नाही. एकाच गावात होतात म्हणजे एकच माल होत नाही. साच्यानं फक्त आकार मिळतो. आत कापड कुठं किती थर, कुठल्या कोनात, हेड ट्यूबच्या (हँडल फिरतं त्या पुढच्या नळीच्या) सांध्यावर सुरकुती पडली का, आतून दाब देणारा फुगा नीट फुगला का, यावर फ्रेम जगते. मोठी कंपनी ते गणित स्वतः मांडते, स्वतःचा माणूस कारखान्यात बसवते आणि वाईट निघालेलं बाहेर काढते. बाहेर काढलेलं जातं कुठं, याचा विचार केलाय?

आणि विकणारे मिरवतात ते टी७००, टी८००, टी१०००. तोरे या जपानी कंपनीच्या धाग्याचे ग्रेड आहेत ते, फ्रेमचे नव्हेत. चांगल्या बासमतीची पण खिचडी लागते की बुडाला. आयएसओ ४२१० चा, म्हणजे सायकलच्या सुरक्षा चाचणीचा रिपोर्ट मागून बघा. पीडीएफ येईल, त्यात मॉडेल दुसरंच, साइज दुसरीच.

माझ्या मित्राची अशीच फ्रेम होती. जांबोटी रोडला साध्या खड्ड्यात गेली आणि हेड ट्यूबच्या खाली रंगाला केसासारखी रेघ आली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर काय आलं माहीत आहे? "इट इज ओन्ली पेंट, फ्रेंड."

टिळकवाडी_२९
रंगाचीच असेल की! नाणं वाजवून बघितलं काय? आतले थर सुटले असतील तर आवाज बद्द येतो, बाजूला टणटणीत येतो. आमच्या शेजारच्याची नावाजलेल्या कंपनीची ॲल्युमिनियम फ्रेम चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडं जाणाऱ्या खालच्या नळीच्या) वेल्डला मोडली, त्याचं तेरावं कोण घालणार?

वैजनाथ_चढण
नाण्यानं फ्रेम तपासणारा माणूस मला ऐपतीवर शिकवणार. छान.

अनगोळ_नाका
कार्बनबद्दल बोलताय आणि टायटॅनिक बघायला गेलेली टायटन पाणबुडी कुणालाच आठवली नाही? जून २०२३. कार्बनच होतं ते. एका क्षणात खेळ खल्लास.

हत्तरगी_शिफ्ट_बी
साहेब, ती पाणबुडी होती. बाहेरून समुद्र दाबतोय, आत माणसं, म्हणजे सगळा भार चेपणारा. कार्बन धागा ताणाला जबर, चेपायला तेवढा नाही. सायकलच्या फ्रेमचा हिशोब निराळा. मग विमान कसं उडतंय? बोइंग ७८७ चं निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे अशाच धागा-राळेच्या मालाचं आहे. आम्ही इकडं विमानाच्या भागांचं मेटलचंच काम करतो, कंपोझिट नाही, खरं एवढं कळतंय की विमानातला तो माल अल्ट्रासॉनिक लावून तपासल्याशिवाय पुढं सरकत नाही. प्रश्न कार्बनचा नाही, तपासणीचा आहे.

खानापूर_रेल्वेगेट
सगळं बरोबर, खरं पार्सल सोडवायचं कसं ते सांगा. कुरिअरवाले केवायसी मागतात. आधारवर गाव बेळगावी, पॅनच्या पत्त्यावर बेळगाव, पार्सलवर त्या चिनी बाईनं तिसरंच काहीतरी टाइप केलंय. फोन केला तर पलीकडची मुलगी कन्नडमधून हिंदीत, हिंदीतून इंग्लिशमध्ये जाते आणि शेवटी म्हणते डॉक्युमेंट मॅच होईना. नाव बदललं २०१४ मध्ये, भोगतोय मी अजून.

टिळकवाडी_२९
दादा, तो सीमावाद इथं नको. ६५ वर्षांत सुटला नाही तो सायकलच्या धाग्यावर सुटणार नाही. ऑर्डर देतानाच आधारवरचा पत्ता कॉपी करून पाठवायचा.

खानापूर_रेल्वेगेट
६५ नव्हे. १९५६ पासून मोजा.

उद्यमबाग_जुना
मी सायकल चालवत नाही, मुलगा चालवतो, त्यानं हे वाचायला दिलं. हत्तरगीवाला बरोबर बोलला. आमच्या फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या मालावर हीट नंबर असतोय. दोन वर्षांनी कुठं पंपाची बॉडी तडकली तरी त्या नंबरावरून कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीत ओतली, केमिस्ट्री काय होती, टेस्ट बार कितीला तुटला, सगळं निघतंय. ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आत असतंय, वरून माल चकाचक दिसतोय. तुमच्या फ्रेमवर तसा नंबर हाय काय?

टिळकवाडी_२९
आहे की काका. बॉटम ब्रॅकेटच्या खाली सिरियल नंबर असतो.

उद्यमबाग_जुना
नंबर हाय. त्या नंबराच्या मागं वही हाय काय?

वैजनाथ_चढण
🙏🙏 संपला विषय.

मच्छे_रायडर
काका, वही तुमच्याकडं आहे, भट्टी आहे, सीएनसी आहेत. उद्यमबागेतून साऱ्या देशाला कास्टिंग जातात, हत्तरगीत एअरबसचे सुटे भाग होतात, आणि सव्वा किलोची फ्रेम आणायला आम्ही झियामेनला पैसे पाठवतो. तुम्हीच का करत नाही?

उद्यमबाग_जुना
बाळा, ओतकाम वेगळं, हे वेगळं. राळ भिजवलेलं कापड फ्रीजरात ठेवावं लागतंय, एका फ्रेमला त्याचे शेकड्यांनी तुकडे कापून हातानं लावायचे, प्रत्येक साइजला वेगळा साचा. एवढं घालायला पैसा लागतो, आणि तो पैसा देणारी पार्टी कुठं हाय? आमच्याकडं पार्टी येते ती किलोचा रेट विचारत. जॉब किती अवघड, कोअर किती, रिजेक्शन किती, काही बघायचं नाही, किलोला किती? पन्नास पैशासाठी तीन फोन. पेमेंट नव्वद दिवसांनी. लाइटबिल मात्र महिन्याच्या महिन्याला. आणि तुम्ही त्या चिनी माणसाला न बघता सगळे पैसे आधी पाठवताय! आम्ही पन्नास टक्के ॲडव्हान्स मागितला तर गिऱ्हाईक पळतंय.

मच्छे_रायडर
राग मानू नका, खरं हे रडगाणं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पार्टी वाईट, लाइट महाग, सरकार वाईट. तुमच्या हाताखालच्या डिप्लोमावाल्याला काय देता ते पण लिहा की. माझ्या बॅचचे निम्मे चाकणला आहेत. तेच काम, दुप्पट पगार. इथं राहिला तो मी, आणि मला विचाराल तर मूर्खपणा केला.

उद्यमबाग_जुना
तोंड सांभाळून. एप्रिलमध्ये भट्टीपुढं एक पाळी उभा राहा, मग रडगाणं म्हण. पहिल्या आठवड्यात पळून गेलेली तुमची बॅच पण बघितलीय मी. मोबाइलवर रील बघत मोल्डिंग होत नसतंय.

मच्छे_रायडर
एप्रिलच काय, दोन एप्रिल काढलेत. पीएफचा पत्ता नव्हता. कुणाकडं ते लिहीत नाही.

वैजनाथ_चढण
सायकलवर बोलायचं का आपण?

हत्तरगी_शिफ्ट_बी
ह्याच्याशिवाय सायकलवर बोलून काय उपयोग? मच्छेवाला पगाराचं बोलला ते खोटं नाही. काका किलोच्या रेटचं बोलले ते पण खोटं नाही. किलोवर माल विकला की डोक्याचे पैसे कुणीच धरत नाही, ना मालकाच्या, ना कामगाराच्या. चीनवाल्यानं साचा स्वतःच्या खिशातून काढला, मग शंभरजणांना विकला. आपल्याकडं साचा, पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना), ड्रॉइंग सगळं पार्टीचं. पार्टी पॅटर्न उचलून कोल्हापूरला गेली की आपण मोकळे.

उद्यमबाग_जुना
हे मात्र लाखाचं बोललास. माझी दोन पॅटर्न तशीच गेली.

खानापूर_रेल्वेगेट
कोल्हापूरला निदान मराठीत बिल तरी मिळतं.

टिळकवाडी_२९
दादाऽऽ.

शहापूर_पान्ना
मी सायकली जोडतो, दुकानाचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या रांग लागेल फुकट सल्ल्याची. दोन्ही बाजूंनी लंब्या बाता चालल्यात म्हणून सांगतो. "चायनाची फ्रेम फुटली" म्हणून आणतात त्यातल्या कितीतरी मालकानंच फोडलेल्या असतात. सीटपोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) क्लॅम्पला ५ न्यूटन-मीटरच्या आसपास ताकद पुरते. आमचे वीर लांब ॲलन की घेऊन स्कूटरच्या चाकासारखं आवळतात. पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा म्हटलं की ग्रीस लावून येतात, मग पोस्ट घसरते, मग आणखी आवळतात. टॉर्क रेंच (ठरल्या ताकदीलाच आवळणारा पाना) घ्या म्हटलं तर म्हणतात, रेंचच्या पैशात एक टायर येतो.

पावसाचं कुणीच काढलं नाही. कणकुंबी, आमगावचा पाऊस काय असतो ते या धाग्यावर सगळ्यांना माहीत आहे. फ्रेमच्या आत ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटवलेले असतात, बॉटम ब्रॅकेटला वगैरे. कार्बन, ॲल्युमिनियम आणि पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खातं, पांढरी पूड दिसते. चांगला कारखाना मध्ये काचेच्या धाग्याचा थर देतो. तुमच्या झियामेनवाल्यानं दिलाय का, हे ड्रॉइंगवर दिसत नसतं.

आणि आणखी एक. फ्रेम बाहेरून आणायची, पार्ट ऑनलाइन घ्यायचे, आणि जोडायला माझ्याकडं येऊन म्हणायचं, "अण्णा, एवढं काय त्यात, पाचशे घ्या." मग काकांचं दुःख मला कळतं.

टिळकवाडी_२९
पेस्टचं आणि टॉर्कचं मान्य. पाण्याचं पण मान्य, मी पावसाळ्यानंतर बॉटम ब्रॅकेट काढून बघत असतो. खरं हे सगळं कंपनीच्या फ्रेमलाही लागू आहे. त्यांच्यात पण ॲल्युमिनियमच चिकटवलेलं असतं.

वैजनाथ_चढण
फरक एवढाच की तिथं पूड दिसली तर भांडायला कुणीतरी समोर आहे.

टिळकवाडी_२९
समोर कुठं? डीलर म्हणतो डिस्ट्रिब्युटरला विचारतो, तो म्हणतो फोटो पाठवा. तुमच्या मित्राला "फ्रेंड" तरी म्हणाले.

वैजनाथ_चढण
😂 बरं बाबा. तेराव्याचं वाक्य अर्धं मागं घेतो. हार्डटेलची मुख्य फ्रेम घ्या, डोळे उघडे ठेवून घ्या, नाणी वाजवा. पण बिनानावाचा कार्बन हँडलबार, कार्बन स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) आणि सस्पेन्शन नसलेला कडक कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घेणाऱ्याचा आचारी मी स्वतः ठरवीन. तिथं तुटलं की सावरायला वेळच मिळत नाही, सरळ तोंडावर.

टिळकवाडी_२९
ते मी कधी म्हटलं? पुढं सस्पेन्शन फोर्क नावाच्या कंपनीचा आहे, हँडलबार ॲल्युमिनियमचा. कंजूष आहे, येडा नाही.

अनगोळ_नाका
म्हणजे तुम्ही दोघं सुरुवातीपासून एकच बोलत होता?

वैजनाथ_चढण
अजिबात नाही. पुरी सायकल कंपनीचीच घ्यावी असं माझं मत कायम आहे.

टिळकवाडी_२९
घ्या की. २०२३ च्या बजेटात आयात सायकलीवरची ड्युटी ३० वरून ३५ टक्के झाली, ती पण भरा. देशाला मदत.

मच्छे_रायडर
माझ्याकडं जुनी बिनानावाची फ्रेम आहे, यूडीएच २०१९ ला आलं त्याच्या आधीची. तिचा हँगर वाकलाय आणि विकणारा उत्तर देईना. जगात कुठंच मॅच होईना. आता पुरी फ्रेम फेकायची काय?

शहापूर_पान्ना
वाकलेला घेऊन ये. सरळ होतो का बघू, फार वेळा सरळ केला तर मोडतो.

उद्यमबाग_जुना
मोडायची वाट कशाला बघायची? जुना हँगर आणि फ्रेम दोन्ही घेऊन ये. ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून सीएनसीवर काढून देतो, दोन काढू, एक स्पेअर. फक्त किलोला किती म्हणून विचारू नकोस.

मच्छे_रायडर
येतो काका. शनिवारी पाळी संपल्यावर चालेल?

उद्यमबाग_जुना
शनिवारी लाइट नसतंय. शुक्रवारी ये, आणि चाकणचं काय पॅकेज आहे ते पण सांग जरा. मुलगा विचारतोय.